थबकलेल्या यंत्राची साक्ष

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस वर्ध्यांतील एका शिक्षणसंस्थेच्या कचेरींत जो प्रसंग घडला तो या लेखास निमित्त झाला आहे. प्रवेशाचे दिवस होते. दाराबाहेर पालकांची रांग लागली होती. आणि ज्या संगणकावर सर्व अर्जांची नोंद होत असे तो दुपारीं दोनच्या सुमारास एकाएकीं थबकला. पडदा उजळलेला होता, परंतु त्यावरील घड्याळ पुढें सरकेना व कळ दाबली तरी अक्षर उमटेना. शेवटीं कोणी तरी बटण दाबून यंत्र बंद केलें, पुन्हां चालू केलें, आणि काम सुरू झालें. पंधरा दिवसांत असें चार वेळां घडलें. चारही वेळां यंत्रापुढें एकच मनुष्य बसलेला होता : आर्वीकडील एका खेड्यांतून रोज एस. टी.नें येणारा, रोजंदारीवरचा एक तरुण कारकून. “हाच कांहीं तरी भलतीच कळ दाबतो,” असा निकाल कचेरीनें दिला. आणि ज्यांनीं त्या निकालास मान डोलाविली त्यांत, लिहावयास संकोच वाटतो, आम्हीही होतों.

त्या मुलास कामावरून दूर करण्याचें ठरत होतें, तोंच आमचा एक जुना विद्यार्थी सुटींत घरीं आला. तो पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे. सर्व हकीकत ऐकून घेऊन त्यानें एवढेंच विचारलें, “सर, यंत्र थांबलें तेव्हां तें आंत कोठें थांबलें होतें, हें कोणी पाहिलें का?” आम्ही निरुत्तर झालों. इतिहास शिकविण्यांत आमचीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं. साधनांवांचून विधान करूं नये हें दरसाल नव्या विद्यार्थ्यांस सांगावयाचें, आणि येथें एका गरिबाच्या भाकरीचा प्रश्न असतां पुरावा चार वेळां आपल्या डोळ्यांदेखत पुसला जाऊं द्यावयाचा, ही विसंगति मनास लागली. थांबलेल्या यंत्राकडून साक्ष कशी घ्यावी, या विद्येला स्वतःचा असा एक इतिहास आहे हें त्या विद्यार्थ्याच्या बोलण्यावरून कळलें. तो आम्हीं पुढें जमेल तसा वाचून काढला. त्याचें सार येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

संगणकावर एकाच वेळीं शेंकडों कामें चाललेलीं असतात. त्यांपैकीं प्रोसेसर कोणास किती वेळ द्यावयाचा, स्मृतीचा कोणता भाग कोणाच्या वाट्यास घालावयाचा, डिस्कवर कोणीं केव्हां लिहावयाचें, याचा निवाडा करणारा जो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. मोठ्या वाड्यांतील कारभाऱ्यासारखा तो असतो : तो आहे हें कोणाच्या ध्यानांत नसतें, पण तो थांबला कीं सारा वाडा थांबतो. एकच खतावणी दोघां कारकुनांनीं एकदम लिहावयास घेतली तर हिशेब बिघडावयाचा. म्हणून ती एकाच्या हातीं असेपर्यंत दुसऱ्यानें थांबावें असा रिवाज असतो. कर्नेलमध्यें हें काम लॉक, म्हणजे कुलुपें, करितात. सामायिक वस्तु वापरण्यापूर्वीं तिचें कुलूप मिळवावयाचें, काम होतांच तें सोडावयाचें. व्यवस्था साधी आहे. परंतु जेथें कुलुपें आहेत तेथें किल्ली अडकण्याचें भयही आहे.

हें भय वर्ध्याच्या लोकांस समजावून देण्यास फार दूर जावें लागत नाहीं. १८६७ सालीं भुसावळहून नागपूरला पोहोंचलेला लोहमार्ग आमच्या गांवावरून जातो, आणि बल्लारशाकडील फांटा येथूनच फुटतो. जिल्ह्यांतील पुलगांव-आर्वी ही अरुंद मापाची छोटी गाडी आतां बंद झाली असली, तरी एकेरी मार्ग म्हणजे काय हें जुन्या माणसांस तिनें चांगलें शिकविलें आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊं नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणीं ड्रायव्हरास टोकन देण्याची पद्धति असे; रेल्वेचीं माणसें त्यास ‘गोळा’ म्हणत. ज्याच्या हातीं गोळा, त्याचीच गाडी पुढें. आतां असें समजा कीं, लागोपाठच्या दोन स्थानकांत गाड्यांस उभें राहावयाच्या जागा भरून गेल्या आहेत. या स्थानकांतील गाडी त्या स्थानकांत जागा रिकामी होण्याची वाट पाहत आहे, आणि त्या स्थानकांतील गाडी या स्थानकांत. दोन्ही ड्रायव्हर नियम पाळीत आहेत, कोणाचाही अपराध नाहीं, आणि तरी दोन्ही गाड्या कल्पांतापर्यंत जागच्या हलणार नाहींत.

संगणकाच्या क्षेत्रांत या पेंचाचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत हॉलंडमधील एडस्गर डाइक्स्ट्रा यांचें नांव अग्रगण्य आहे. १९६५ च्या सुमारास, परस्परांबरोबर चालणाऱ्या कामांच्या नियमनासाठीं त्यांनीं जी युक्ति मांडली तिला ‘सेमाफोर’ हें आगगाडीच्या हाताच्या सिग्नलाचेंच नांव दिलें. दोन कामांनीं एकमेकांस हवें असलेलें अडवून बसावें या स्थितीस ते ‘प्राणघातक मिठी’ म्हणत. आपल्याकडील वाचकांस धृतराष्ट्राची मिठी आठवेल. फरक इतकाच कीं तेथें लोखंडाचा भीम चुरला गेला व मिठी मारणारा वांचला, येथें दोघांपैकीं कोणीच सुटत नाहीं. पुढें १९७१ सालीं कॉफमन, एल्फिक व शोशानी या तिघांनीं अशा मिठीस, म्हणजे डेडलॉकला, चार गोष्टी एकत्र याव्या लागतात असें दाखविलें : वस्तु एका वेळीं एकालाच मिळणारी असावी, एक हातीं धरून दुसरीची वाट पाहिली जावी, हातांतली हिसकून घेतां येऊं नये, आणि वाट पाहणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्याशींच येऊन मिळावी. चारांतील एक मोडली कीं मिठी पडतच नाहीं. याखेरीज थबकण्याचा दुसराही एक प्रकार आहे. त्यांत कोणी कोणाची वाट पाहत नाहीं. कर्नेलचा एखादा भाग घाण्याच्या बैलाप्रमाणें एकाच फेऱ्यांत फिरत राहतो, आणि प्रोसेसर दुसऱ्या कोणास मिळूं देत नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

मग आंत काय झालें हें कळावें कसें? येथें आपल्या जुन्या स्वयंपाकघरांतील उतरंड आठवावी. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, अशी ती रचलेली असते. सर्वांत शेवटीं ठेवलेलें मडकें सर्वांत आधीं निघतें. संगणकाचें कामही असेंच चालतें. एक काम करीत असतां मध्येंच दुसरें उपकाम करावें लागलें, तर ‘हें संपल्यावर परत कोठें यावयाचें’ याची चिठ्ठी तो स्मृतींत ठेवितो. त्या उपकामांतून तिसरें निघालें तर त्यावर आणखी एक चिठ्ठी. या चिठ्ठ्यांच्या उतरंडीस स्टॅक म्हणतात. ॲलन ट्यूरिंग यांनीं १९४५-४६ च्या आपल्या संगणकाच्या आराखड्यांत या दोन क्रियांना ‘पुरणें’ आणि ‘उकरणें’ अशा अर्थाचीं इंग्रजी नांवें दिलीं होतीं. जर्मनींतील बाउअर व सामेल्सोन यांनीं १९५७ सालीं याच कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला तेव्हां तिला आपल्या भाषेंतील तळघराचें नांव दिलें. हीं नांवें जणु पुराणवस्तुसंशोधकांनींच ठेविलीं असावींत अशीं आहेत.

यंत्र थबकलें त्या क्षणीं ही उतरंड जशीच्या तशी स्मृतींत उभी असते. ती वाचून काढलेली यादी म्हणजे स्टॅक ट्रेस. यादीची वरची ओळ, काम आतां कोठें येऊन थांबलें आहे तें सांगते. तिच्या खालची ओळ, त्यास तेथें कोणीं पाठविलें तें. आणि तिच्या खालची, त्या पाठविणाऱ्यास कोणीं पाठविलें तें. लिनक्सच्या यादींत प्रत्येक नांवापुढें दोन आंकडे असतात : त्या भागाच्या आरंभापासून किती अंतरावर काम होतें, आणि तो सबंध भाग किती लांबीचा आहे. जागेवर केलेला पंचनामाच तो. पण पंचनामा जागा हालविण्यापूर्वीं करावा लागतो. यंत्र बंद केलें कीं स्मृति पुसली जाते, आणि उतरंडही तिच्याबरोबर जाते.

पुरावा राखण्याची बुद्धि लोकांस सर्वत्र एकदम झाली असें नाहीं. जुन्या संगणकांत स्मृति चुंबकीय कड्यांची असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेल्या, १९६० सालीं चालू झालेल्या व १९६२ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें ‘टिफरॅक’ असें नामकरण झालेल्या यंत्रांतही ती तशीच होती. या कड्यांस ‘कोअर’ म्हणत. म्हणून यंत्र अडलें असतां त्यांतील सर्व मजकूर बाहेर काढून ठेवण्यास ‘कोअर डंप’ हें नांव पडलें. कडीं गेलीं, नांव राहिलें. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्सनें मात्र प्रथम सोपी वाट धरली. तिच्या आधींच्या मल्टिक्स या प्रणालीवर काम केलेले टॉम व्हॅन व्ह्लेक यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. मल्टिक्ससाठीं आपण जें लिहितों त्यांतला निम्मा भाग चुका सावरण्यासाठींच असतो असें त्यांनीं डेनिस रिची यांस सांगितलें; त्यावर रिची यांनीं उत्तर दिलें कीं, तें सारें आम्हीं गाळलें आहे, आमच्याकडे चूक झाली कीं यंत्र पडतें आणि आम्ही पलीकडे ओरडून पुन्हां चालू करावयास सांगतों. आमच्या कचेरीचें धोरण तरी याहून वेगळें कोठें होतें?

परंतु जेथें ओरडलेलें ऐकूं जात नाहीं अशाही जागा आहेत. १९९७ च्या ४ जुलैस अमेरिकेचें ‘पाथफाइंडर’ हें यान मंगळावर उतरलें, आणि कांहीं दिवसांतच त्यावरील संगणक आपोआप पुन्हां पुन्हां नव्यानें सुरू होऊं लागला. अभियंत्यांनीं यानासारखेंच यंत्र पृथ्वीवर चालविलें, त्यांत घटनाक्रमाची बारीक नोंद होण्याची सोय ठेविली, आणि तीच गडबड तेथें घडून येईपर्यंत वाट पाहिली. नोंद वाचतां गुन्हेगार सांपडला. हवामानाची माहिती घेणारें एक कमी महत्त्वाचें काम कुलूप हातीं घेऊन बसे. मधल्या दर्जाचीं कामें त्यास पुढें सरकूं देत नसत. आणि त्याच कुलुपासाठीं सर्वांत महत्त्वाचें काम खोळंबून राही. पहारेकरी घड्याळास हें दिसलें कीं तें सारें यंत्र नव्यानें सुरू करी. कुलूप ज्याच्या हातीं असेल त्यास, तें सोडीपर्यंत, वाट पाहणाऱ्याचा दर्जा द्यावा, ही आधींपासून असलेली पण बंद ठेवलेली सोय पृथ्वीवरून आज्ञा पाठवून चालू केली, आणि पेंच सुटला.

१९९१ सालीं हेलसिंकीचा लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेल्या लिनक्स कर्नेलचा या बाबतींतील इतिहास आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटला. प्रथम त्याच्या स्टॅक ट्रेसमध्यें नुसते आंकडे असत. निराळ्या साधनानें नकाशाशीं ताडून त्यांचीं नांवें लावावीं लागत. डिसेंबर २००३ मध्यें २.६ ही मालिका आली तेव्हांपासून कर्नेल स्वतःच नांवें सांगूं लागला. पण खरी अडचण याहून खोल आहे. जो स्वतः अडकला आहे त्यानें आपण अडकलों हें सांगावें कसें? त्याला उत्तर एकच : साक्षीदार आधींच, आणि अडकणाऱ्याच्या बाहेर, नेमून ठेवावयाचा. म्हणून लिनक्समध्यें पहारेकरी बसविले गेले. नेहमींच्या मांडणींत, प्रोसेसर वीस सेकंदांहून अधिक काळ कर्नेलच्या एकाच कामांत गुंतून दुसऱ्या कामास वाव देईनासा झाला कीं एक पहारेकरी बोभाटा करितो. दहा सेकंदांत बाहेरची कोणतीच हांक तो ऐकेनासा झाला, तर ज्या हांकेस नाहीं म्हणण्याची सोयच यंत्रांत नाहीं अशा हांकेनें त्यास गांठावें लागतें. तिसरा पहारेकरी, एकशेंवीस सेकंद निश्चल पडून राहिलेल्या कामांची दखल घेतो. प्रत्येकजण स्टॅक ट्रेस लिहून ठेवितो. २००६ सालीं इंगो मोल्नार व आर्यन व्हान डे व्हेन यांच्या ‘लॉकडेप’नें तर कुलुपें कोणत्या क्रमानें घेतलीं जातात हें टिपून, मिठी पडण्यापूर्वींच ती पडूं शकते हें दाखविण्याची सोय केली.

या कामांत आपल्या देशाचा वांटा लहान नाहीं. ऑगस्ट २००५ मधील २.६.१३ या आवृत्तींत ‘केडंप’ आलें. त्याच्या कर्त्यांत बंगळूरच्या आय. बी. एम.मधील विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लितीर्थ हे होते. त्यांची युक्ति अशी कीं, स्मृतीच्या एका राखीव कोपऱ्यांत दुसरा कर्नेल आधींच निजवून ठेवावयाचा. पहिला पडला कीं दुसऱ्यानें जागें होऊन पहिल्याची सर्व स्मृति जपून ठेवावयाची. पुण्याचे अमित काळे यांनीं २००० ते २००४ पर्यंत ‘केजीडीबी’ हें साधन सांभाळलें. पुढें २००६ पर्यंत तेंच काम पुण्यांतील लिनसिससॉफ्ट या कंपनीनें केलें. दोन संगणक तारेनें जोडावयाचे, आणि एकावर बसून दुसऱ्याचा चालता कर्नेल थांबवून आंतून पाहावयाचा, असें तें साधन आहे. परंतु मूळ कर्नेलमध्यें त्यास बरींच वर्षें जागा मिळाली नाहीं. सप्टेंबर २००० मधील एका प्रसिद्ध वादांत टोरवाल्ड्स यांनीं आपणांस असलीं साधनें आवडत नाहींत असें स्पष्ट सांगितलें होतें. हातीं भिंग आलें कीं लोक विचार करणें सोडून वरवर ठिगळ लावतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढें जेसन वेसल यांच्या हातीं हें काम गेलें, मोल्नार यांच्यासह त्यांनीं त्याचें आटोपशीर रूप सिद्ध केलें, आणि जुलै २००८ मध्यें २.६.२६ या आवृत्तींत तें मूळ कर्नेलमध्यें दाखल झालें. आमच्या मतें या वादांत दोन्ही पक्षांकडे सत्याचा अंश होता. पुराव्यावांचून विचार आंधळा, हें पुण्याच्या मंडळींचें काम सांगतें. आणि विचारावांचून पुरावा मुका, हें टोरवाल्ड्स सांगतात.

हा वाद आम्हां मराठी इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाहीं. १८९८ सालीं वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांत १७५० पासून पानिपतापर्यंतचीं पत्रें आहेत, आणि बखरींतील मजकूर त्या पत्रांशीं ताडून पाहिल्यावर त्यांतला किती टिकतो याची कठोर तपासणी प्रस्तावनेंत आहे. बखर मागाहून, आठवणीवरून, व बहुधा कोणास तरी दोष किंवा श्रेय देण्याकरितां लिहिली जाते. पत्र त्या दिवशीं, त्या ठिकाणीं लिहिलेलें असतें. “तो बसला कीं यंत्र थांबतें,” ही आमच्या कचेरीची बखर होती. स्टॅक ट्रेस हें त्या क्षणींचें पत्र.

अर्थात् पत्रही पारखूनच घ्यावें लागतें. लिनक्सच्या यादींत कित्येक नांवांमागें प्रश्नचिन्ह असतें. तो पत्ता उतरंडींत सांपडला खरा, पण तो या साखळींतला कीं मागच्या कामाचें उरलेलें खरकटें, याची खात्री नाहीं, असा त्याचा अर्थ. कर्नेलनें आपण होऊन ‘हें शंकित आहे’ म्हणावें, हा प्रामाणिकपणा पुष्कळ ग्रंथकारांनीं घेण्यासारखा आहे. शिवाय ट्रेस ‘कोठें’ तें सांगतो. ‘कां’ तें वाचणाऱ्यास शोधावें लागतें. डेडलॉकमध्यें दहा कामें कुलुपापाशीं उभीं असलेलीं दिसलीं, तर त्यांतील एकही गुन्हेगार नसूं शकतें. सर्व उतरंडी शेजारीं शेजारीं मांडून, कुलूप घेऊन पुढें गेलेला कोण, हें ताडावें लागतें. जो सांपडला तो चोर, हा न्याय येथें चालत नाहीं.

आतां वर्ध्याच्या कचेरीकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्यानें त्या यंत्राची, त्यावर लिनक्सच होतें, अशी व्यवस्था केली कीं कर्नेलचे अखेरचे शब्द तारेवरून शेजारच्या संगणकाकडे जावे. कारण डिस्कवर लिहिणेंच अडलें असेल तर डिस्कवरील नोंदवहींतही कांहीं उतरत नाहीं. मग त्यानें सर्वांस बजावलें कीं, यंत्र थांबलें तर पांच मिनिटें कोणीं बटणास हात लावूं नये. सहाव्या दिवशीं यंत्र थांबलें. रांगेंतले लोक कुरकुरले, पण पांच मिनिटें हात आंवरले गेले. शेजारच्या पडद्यावर एकामागून एक उतरंडी उमटल्या. कारकुनाचें काम कुलुपापाशीं वाट पाहत उभें होतें; त्याच्यासारखींच आणखी तीन उभीं होतीं. एकच काम कुलूप घेऊन त्यांच्या पुढें गेलेलें होतें. सर्व अर्जांची नक्कल रोज दुपारीं दोन वाजतां बाहेरच्या एका जुन्या डिस्कवर घेणारें तें काम, त्या डिस्कच्या उत्तराची वाट पाहत थांबलें होतें, आणि डिस्क उत्तर देत नव्हती. जेवण आटोपून कारकून आपल्या जागीं येऊन बसे तीही वेळ दोनचीच. डिस्क बदलली; त्यानंतर यंत्र तसें थांबलें नाहीं.

तो कारकून अद्यापि त्या कचेरींत आहे. आम्ही त्याच्यापाशीं दिलगिरी बोलून दाखविण्यास गेलों तेव्हां त्यानें मान खालीं घालून म्हटलें, “सर, मी तं पयल्याच दिवशीं सांगतलं होतं, मी कळ दाबाच्या आधींच थे थांबते म्हणून.” खरेंच होतें. त्यानें तें सांगितलें होतें आणि आम्हीं ऐकलें होतें. पण यंत्राची साक्ष येईपर्यंत माणसाची साक्ष आम्हीं कागदावरसुद्धां घेतली नव्हती.